होयबा

मेल पाठवणाऱ्या कोडची टेस्ट करताना खरे मेल सुटू नयेत म्हणून मेलरच्या (मेल पाठवणाऱ्या भागाच्या) जागी मॉक, म्हणजे तोतया, उभा करतात. नट ऐनवेळी आला नाही की पडदा ओढणाऱ्यालाच मिशा चिकटवून पुढे ढकलतात ना, तसं. पण पडदा ओढणारा निदान अडखळतो तरी. मॉकला काहीही विचारा, तो म्हणतो, ‘हो, आहे ना!’

माझा होयबा म्हणजे पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतला मॅजिकमॉक. २०१२ साली ३.३ या आवृत्तीबरोबर तो भाषेच्या घरातलाच झाला. मेल एकदाच गेला का, हे तपासायला ‘असर्ट_कॉल्ड_वन्स_विथ’ लिहायचं असतं. मी घाईत ‘असर्ट’ (म्हणजे ‘खात्री कर’) गाळलं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं, ही काय भानगड? मॉकने त्या नावाची नवीकोरी मेथड (बोलावलं की काम करणारा कोडचा तुकडा) जागच्या जागी पैदा केली, तिच्यातून आणखी एक मॉक काढून माझ्या हातात ठेवला आणि टेस्ट हिरवीगार, म्हणजे पास! मी खूश. पुढचे कित्येक महिने खूश.

मग ग्राहकांना एकच मेल दोनदोनदा जाऊ लागला. ‘शक्यच नाही, टेस्ट आहे,’ मी छातीठोकपणे म्हणालो. शेजारच्या सहकारिणीने काही न बोलता मेल पाठवणारी ओळच उडवली आणि टेस्ट चालवली. हिरवी. ‘भक्कम आहे हं,’ ती म्हणाली.

त्या रात्री मी मॉकची उलटतपासणी घेतली. लांबी किती? शून्य. म्हणजे रिकामा, म्हणजे खोटा? छे, खरा! (रिकामी यादी पायथॉन खोटी धरतो, पण याला कोण सांगणार?) पूर्णांकात किती? एक. थोडक्यात, ‘यादीत कुणी आहे का’ या इफच्या अटीतून तो ऐटीत आत शिरतो आणि यादीवरून फिरणाऱ्या लूपची एकही फेरी न मारता बाहेर पडतो. साक्षीदार म्हणूनही तसलाच. त्याला दिलेली यादी मी नंतर रिकामी केली, तर ‘मला रिकामीच दिली होती’ असं शपथेवर सांगतो, कारण तो नक्कल ठेवत नाही, मूळ यादीच धरून बसतो.

पायथॉन ३.१२ पासून ‘असर्ट’ गाळलं की मॉक चक्क एरर फेकतो. असर्टचं स्पेलिंग चुकवणाऱ्यांची सोय त्याआधीच झाली होती. कोणकोणत्या चुका पकडायच्या, त्याची यादीच आहे. ती वाचून मला फार धीर आला. आवृत्ती बदलली, सगळ्या टेस्ट चालवल्या. १७ लाल. कुणी लिहिल्या ते पाहिलं, तर १६ माझ्या.

सतरावी तिची. अजून सांगितलेलं नाही, मुहूर्त शोधतोय.