मुंगीएवढा हत्ती

'नाण्याला दोन बाजू असतात' हे वाक्य मी आजवर फक्त भांडणं मिटवणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलं होतं. नाण्यांचे फोटो काढायला बसलो तेव्हा कळलं, की ही तडजोडीची भाषा नाही, धमकी आहे.

झालं असं. माझ्या संग्रहात पंचम जॉर्जचा १९११ सालचा चांदीचा रुपया आहे. संग्राहक त्याला 'पिग रुपी' म्हणतात. राजाच्या झग्यावर जी मानाची साखळी कोरलीय तिच्यात एक हत्ती आहे. कोरणाऱ्यानं त्याची सोंड इतकी आखूड ठेवली, की लोकांना तो डुक्कर वाटला. बभ्रा झाला, सरकारनं नाणी मागे घेतली, बरीचशी वितळवून टाकली आणि १९१२च्या रुपयावर हत्तीला चांगली ऐसपैस सोंड दिली. त्या भट्टीतून वाचलेला एक हत्ती माझ्याकडे आहे. आकारानं मुंगीएवढा.

माझा एक मित्रही नाणी जमवतो. त्याचा एका संध्याकाळी फोन आला. फोन स्पीकरवर होता, हे मी त्याला सांगायला हवं होतं.

"अरे, तुझं डुक्कर पाठव की एकदा. बघू दे तरी खरं आहे का."

स्वयंपाकघरातला आवाज एकदम बंद झाला. पुढची दहा मिनिटं मी घरच्यांना इतिहास समजावण्यात घालवली.

आधी मोबाइलनं फोटो काढून पाहिला. माझ्या मोबाइलला दिसेल त्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवायची खोड आहे. त्यानं राजाच्या दाढीला इस्त्री केली आणि हत्तीची झिजलेली साबणवडी करून टाकली. हत्ती की डुक्कर हा वाद मिटला, पण मला हवा तसा नाही.

म्हणून डिजिटल कॅमेरा घेतला. खोक्यातून कॅमेऱ्याहून जाड माहितीपुस्तिका निघाली. जवळच्या वस्तूंचा फोटो काढायचा तर फुलाचं चित्र असलेलं बटण दाबा, असं तिच्यात वाचलं आणि पुस्तिका मिटली. त्या मिटण्यातच पुढच्या तीन रविवारांचं मूळ आहे.

पहिला फोटो फ्लॅश मारून काढला. चकचकीत चांदी अंगावर पडलेला बहुतेक सगळा उजेड जसाच्या तसा परत करते. उधारी इतक्या चोख फेडणारा धातू दुसरा नाही. फोटोत काळ्या कापडावर एक पांढरी चकती आली. पौर्णिमेचा चंद्र म्हणून तीही खपली नसती, कारण चंद्रावर निदान डाग तरी असतात.

फ्लॅश बंद केला. आता उजेड कमी, म्हणून कॅमेरा डोळा जास्त वेळ उघडा ठेवणार, आणि तेवढ्यात माझा हात हलणार. फोटोत दोन राजे आले, एकमेकांना किंचित चिकटून. पंचम आणि षष्ठ जॉर्ज एकाच नाण्यावर असलेला जगातला एकमेव रुपया त्या दिवशी माझ्याकडे होता.

मग ट्रायपॉड. पण नाणं टेबलावर आडवं आणि ट्रायपॉड समोर बघणारा. त्याला खाली बघायला लावलं की त्याचाच एक पाय चित्रात येई. शेवटी शब्दकोशांचे दोन मनोरे रचले आणि मधल्या फटीतून कॅमेरा ओणवा ठेवला. बटण दाबतानाही हलू नये म्हणून दहा सेकंदांचा टायमर लावला. लाल दिवा लुकलुकायला लागला की सवयीनं मी केस नीट करून हसत उभा राहायचो. पाचव्या खेपेला मुलगी म्हणाली, "बाबा, कॅमेरा खाली बघतोय."

राजा आता एकच होता, पण लांबट होता. कॅमेऱ्याचं भिंग आणि नाणं एकमेकांना अगदी समांतर नसलं तर गोल नाण्याचं अंडं होतं. यावर एक नामी युक्ती आहे. नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि पडद्यावर भिंगाचं प्रतिबिंब बरोबर मधोमध येईपर्यंत कॅमेरा हलवायचा. आरसा बायकोच्या पर्समधून घेतला. न विचारता घेतला, हे मागाहून निघालं. मुलीच्या अभ्यासाचा दिवा आणि बैठकीतला दिवा आधीच माझ्या टेबलावर आले होते. घरच्या वस्तू एकेक करून त्या टेबलाकडे सरकत होत्या आणि घरातली माणसं टेबलापासून लांब.

दोन दिवे, शिवाय खिडकीतला उजेड. बल्बचा उजेड पिवळा असतो आणि दिवसाचा निळसर, हे डोळ्यांना कळत नाही, कारण मेंदू ते परस्पर सावरून घेतो. कॅमेरा असल्या भानगडीत पडत नाही. एका बाजूनं राजाला कावीळ झाली होती आणि दुसऱ्या बाजूनं तो थंडीनं निळा पडला होता. खिडकीला चादर लावली, दोन्ही दिव्यांना एकाच जातीचे बल्ब लावले आणि कॅमेऱ्यातही उजेडाच्या रंगासाठी बल्बचं चित्र असलेली सोय निवडली. कावीळ उतरली.

उतरली, आणि राजाचा खड्डा झाला.

हे जरा नीट सांगायला हवं, कारण त्या रात्री मी खरंच घाबरलो होतो. राजाचा चेहरा नाण्यावर उठून दिसतो. पण फोटोत तो आत गेला होता, ओल्या मातीत कुणी तोंड दाबून उठावं तसा. नाक आत, कान आत, मुकुटाची पोकळी. मी नाण्यावरून बोट फिरवणार होतो, पण बोटाचा घाम चांदीवर कायमचा ठसा सोडतो म्हणून आवरलं. नाणं फक्त कडेला धरायचं, हा आमच्यातला पहिला नियम. भिंगातून पाहिलं, तर नाक जागेवर होतं. पुन्हा फोटो पाहिला, तर गेलेलं. तेवढ्यात मुलीनं कॅमेरा उलटा धरला आणि म्हणाली, "आता बघा." राजा डोक्यावर उभा होता, पण नाक बाहेर आलं होतं.

कारण साधं आहे. उजेड वरून येतो, असं आपल्या मेंदूनं जन्मभर धरून ठेवलेलं असतं. माझा दिवा टेबलाच्या माझ्या बाजूला, म्हणजे फोटोत राजाच्या हनुवटीखाली होता. सावल्या वर पडल्या आणि मेंदूनं उंचवट्याचा खळगा केला. म्हणजे राजा सुलटा हवा तर खड्ड्यात, बाहेर हवा तर शीर्षासनात. शेवटी दिवे उचलून पलीकडे नेले, घड्याळात दहा आणि दोन असतात त्या जागी. राजघराणं सावरलं.

रुपया फार हाताळायला नको म्हणून मधले दोन दिवस मी एका नव्या स्मारक नाण्यावर हात साफ करून घेतला. संग्राहकांसाठी काढलेल्या असल्या नाण्यांची पार्श्वभूमी आरशासारखी घोटलेली असते. कॅमेऱ्यात चेहरा ओळखायची सोय होती आणि ती मी बंद केलेली नव्हती. पडद्यावर पिवळा चौकोन उमटला, इकडेतिकडे फिरला, स्थिरावला, हिरवा झाला आणि कॅमेरा आनंदानं 'पीं' म्हणाला. फोटो मोठा करून बघतो तर नाणं धूसर आणि त्याच्या पोटात, अत्यंत सुस्पष्ट, माझ्या दोन नाकपुड्या. प्रतिबिंब आरशाच्या पृष्ठभागावर नसतं, आरशाच्या मागे तेवढ्याच अंतरावर असतं. कॅमेऱ्यानं इमानेइतबारे नाणं ओलांडून पलीकडच्या मला गाठलं होतं. नाण्यावर कोरलेल्या थोर पुरुषाचा चेहरा एका बाजूला वळलेला असल्यामुळे त्याला माणूस म्हणून मान्यता मिळाली नाही. मला मिळाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी त्या दोघांत मला निवडलं होतं, पण आनंद मानायची ती वेळ नव्हती.

उजेडाचा हिशेबही कॅमेऱ्याचा वेगळाच. समोरचं जग सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे, अशी त्याची श्रद्धा. काळ्या कापडावर नाणं ठेवलं की तो कापडाला करडं करायला जातो आणि चांदी जाळून टाकतो. पांढऱ्या कागदावर ठेवलं की कागद मळवतो आणि नाणं काळवंडतं. त्याला हातानं कमी-जास्त सांगावं लागतं. ते बटण पुस्तिकेच्या चौऱ्याऐंशीव्या पानावर होतं.

तिसऱ्या रविवारी फोटो इतका स्पष्ट आला, की राजाच्या नाकात नळी दिसली. ते काळ्या कापडाचं एक सूत होतं. डोळ्यांना दिसतसुद्धा नव्हतं, फोटोत त्याचा दोरखंड झाला होता. फुंकर मारायचीही सोय नाही, थुंकीचा कण उडाला तर डाग पडतो. बायको बराच वेळ मागे उभी राहून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "अहो, तो रुपया मुळात काळा पडलाय. द्या इकडे, घासून लख्ख करते. मग येईल फोटो."

मी रुपयावर आडवा पडलो. शंभर वर्षांत चांदीवर चढलेली ती करडी-जांभळी झाक म्हणजेच नाण्याचं वय. घासलेलं नाणं जाणकार हातात घेतात आणि काही न बोलता परत ठेवतात. हे सगळं मी तिला सांगितलं. "मग मळकं ते मळकंच दिसणार," असं म्हणून ती गेली. तिचंही चूक नव्हतं.

हत्तीची सोंड मात्र अजून सापडत नव्हती. बाजूनं उजेड टाकला की साखळीचीच सावली हत्तीवर पडे. उजेड नाण्यावर सरळ वरून यायला हवा, आणि वर तर कॅमेरा. यावर तोडगा म्हणजे काच. भिंग आणि नाणं यांच्यामध्ये पंचेचाळीस अंशांत तिरकी काच धरायची आणि दिवा बाजूनं काचेवर मारायचा. काच थोडा उजेड खाली नाण्यावर टाकते, आणि नाण्यावरून परतलेला उजेड काचेतून आरपार कॅमेऱ्यात जातो. दिव्याचा थेट झोत नाण्यावर येऊ नये म्हणून मध्ये पुठ्ठा.

पुठ्ठा होता. काच नव्हती. म्हणजे होती. बैठकीच्या भिंतीवर, आमच्या लग्नाच्या फोटोवर.

बायको बाहेर गेली होती. फ्रेमचे खिळे वाकवले, काच काढली, पुसली, दोन शब्दकोशांत तिरकी खोचली. दिवा लावला. पडद्यावर हळूहळू झग्याचा काठ उजळला, साखळी उजळली, आणि तो उभा राहिला. पाठ, चार पाय, आणि पुढे ती इतिहासप्रसिद्ध आखूड सोंड. मी श्वास धरला. टायमर. पीं.

फोटो आला. असा, की साखळीच्या कड्या मोजाव्यात.

मुलीला दाखवला. ती म्हणाली, "बाबा, हा उंदीर आहे का?" बायको दारातून आत येता येता वाकून बघत म्हणाली, "मेंढी असेल." मग तिची नजर भिंतीकडे गेली.

तासाभरानं काच जागेवर, खिळे सरळ, फ्रेम भिंतीवर. पुन्हा हात लावायचा नाही, हे मी मुलीच्या साक्षीनं कबूल केलं. शब्दकोश कपाटात, दिवे आपापल्या घरी, आरसा पर्समध्ये. निवांत होऊन मित्राला फोटो पाठवला. लगेच फोन आला. या खेपेला स्पीकर बंद केला.

"वा! काय सुरेख काढलायस. सोंड न् सोंड दिसतेय," तो म्हणाला. "पण यावर साल कुठे आहे? या रुपयाचं साल मागच्या बाजूला असतं ना? तेवढी मागची बाजू पाठव."

मी भिंतीकडे पाहिलं. काचेमागून आम्ही दोघं हसत होतो.