पायरेट्सचा नवा हंगाम : पगाराला कमाल मर्यादा हवी, किमानही

पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकेतल्या बेसबॉल संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) पॉल स्कीन्स याने २०२५च्या हंगामात १.९७ची सरासरी राखली. म्हणजे दर नऊ इनिंगमागे (एका पूर्ण सामन्यामागे) दोन धावासुद्धा दिल्या नाहीत. बेसबॉलच्या दोन लीगपैकी नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर म्हणून साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. त्याच्या नावावर विजय लागले १० आणि पराभवही १०. पिचरच्या नावावर विजय लागायचा तर आपल्या बॅटरांनी धावा कराव्या लागतात, आणि पायरेट्सच्या बॅटरांकडून त्या होत नव्हत्या. १८ मेच्या फिलाडेल्फियातल्या सामन्यात त्याने आठच्या आठ इनिंग एकट्याने टाकल्या. नववी टाकायची वेळच आली नाही, कारण यजमान संघ पुढे होता. एक धाव दिली आणि सामना १-० असा गेला. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा चेंडू खाली ठेवून शांतपणे डगआउटकडे चालत जातो आणि त्याच्या मागे धावफलकावर आपल्या संघापुढे शून्य असतं, हे पाहताना पोटात तुटतं.

आता २०२६चा हंगाम २६ मार्चला न्यूयॉर्कमध्ये मेट्सविरुद्ध सुरू होतोय, आणि बऱ्याच वर्षांनी मी मनापासून आशेवर आहे. हिवाळ्यात संघाने ब्रँडन लाउला आणलं, रायन ओहर्नशी दोन वर्षांचा करार केला. दोघेही चेंडू कुंपणापार मारू शकतात, आणि मागच्या हंगामात सर्वांत कमी होम रन पायरेट्सचेच होते. शिवाय कॉनर ग्रिफिन नावाचा १९ वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) आहे. फ्लोरिडातल्या सराव शिबिरात सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या. तो पहिल्या दिवशी संघात दिसला नाही तरी उन्हाळ्यात दिसेल. डॉन केलीला मागच्या मे महिन्यात अर्ध्या वाटेवर व्यवस्थापकपद मिळालं, यंदा पहिल्यापासून संघ त्याच्या हातात आहे. ७१ विजय आणि ९१ पराभवांवरून ८२ विजयांपर्यंत, म्हणजे पराभवांपेक्षा जास्त विजयांपर्यंत, जाणं अवघड असलं तरी अशक्य नाही. पायरेट्सने शेवटचे ८२ विजय २०१८मध्ये मिळवले होते.

इकडे ही तयारी चालू असताना तिकडे आयपीएलचा हंगामही उंबरठ्यावर आहे, आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षीचा वाद पेटलाय. माझा माटुंग्याचा मावसभाऊ तावातावाने लिहितो, "दादा, खेळाडूंचा लिलाव म्हणजे गुरांचा बाजार झाला रे. ऋषभ पंतला २७ कोटी, कॅमेरून ग्रीनला २५ कोटी २० लाख. क्रिकेट संपलं." काका त्याला दुजोरा देतात आणि रणजीच्या रिकाम्या स्टँडचे फोटो टाकतात. रणजीबद्दलचं त्यांचं दुःख खरं आहे, त्यावर माझा वाद नाही. पण लिलावावरचा राग मला पटत नाही, आणि का पटत नाही ते पिट्सबर्गमध्ये राहिल्यामुळे मला जास्त स्पष्ट दिसतं.

आयपीएलमध्ये प्रत्येक संघाला खेळाडू घ्यायला एकच पर्स असते. २०२५च्या मोठ्या लिलावाला ती १२० कोटींची होती. मुंबईला तेवढीच, लखनऊलाही तेवढीच. मालक अंबानी असोत की आणखी कोणी, त्या रकमेच्या वर एक रुपया नाही, आणि पर्सचा ठरावीक भाग खर्च करावाच लागतो. त्यामुळे २०२२मध्ये नव्याने आलेला गुजरातचा संघ पहिल्याच हंगामात जिंकू शकतो. मुंबई २०२४मध्ये तळाला जाते आणि २०२५मध्ये क्वालिफायर-२ खेळते. अठरा हंगाम वाट पाहिलेल्या बंगळुरूला २०२५मध्ये अखेर चषक मिळतो. एप्रिलमध्ये कुठल्याही संघाच्या चाहत्याला "यंदा आपला" असं म्हणायला जागा असते.

बेसबॉलमध्ये ती जागा नाही. इथे पगाराला कमाल मर्यादा नाही आणि किमानही नाही. २०२६च्या हंगामात २४.४ कोटी डॉलरच्या वर खर्च केला तर जादा कर भरावा लागतो, एवढंच. लॉस एंजेलिस डॉजर्स तो कर आनंदाने भरतात. पिचर आणि बॅटर अशा दोन्ही भूमिकांत खेळणाऱ्या शोहेई ओतानीशी त्यांचा दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार आहे, त्यातले ६८ कोटी नंतर द्यायचे आहेत. जानेवारी २०२६मध्ये काइल टकर या खेळाडूशी चार वर्षांचा २४ कोटींचा करार झाला. म्हणजे एका टकरला वर्षाला ६ कोटी. पायरेट्सचा अख्खा संघ २०२५मध्ये १० कोटींच्या आत खेळला. डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सीरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकली यात आश्चर्य कसलं?

आणि हे एका वर्षाचं दुखणं नाही. १९९२च्या शरद ऋतूत पायरेट्स वर्ल्ड सीरीजपासून एका सामन्यावर होते. अटलांटात सातव्या सामन्यात शेवटच्या इनिंगमध्ये हरले, आणि त्याच हिवाळ्यात संघाचा मोठा तारा बॅरी बाँड्स जास्त पैशांवर सॅन फ्रान्सिस्कोला गेला. त्यानंतर सलग वीस हंगाम संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त राहिले. वीस! २०१३ ते २०१५ या तीन वर्षांत थोडं ऊन पडलं, प्लेऑफ झाले. मग जानेवारी २०१८मध्ये एकाच आठवड्यात गेरिट कोल आणि अँड्र्यू मॅकचन या संघाच्या दोन्ही ताऱ्यांना दुसऱ्या संघांना देऊन टाकलं. स्कीन्स २०२९पर्यंत नियमाने आमचा आहे. त्यानंतर काय होणार, हे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे.

याच शहरात अमेरिकन फुटबॉलचे स्टीलर्स आहेत आणि आइस हॉकीचे पेंग्विन्स. शहर तेच, लोकसंख्या तीच, पुलांवरून चालत जाणारे प्रेक्षकही तेच. फुटबॉलमध्ये १९९४पासून पगाराची मर्यादा आहे, आणि स्टीलर्सनी त्यानंतर दोनदा सुपर बोल जिंकला. हॉकीत २००४-०५चा संपूर्ण हंगाम वाया घालवून मर्यादा आली. त्यानंतर सिडनी क्रॉस्बी हा मोठा हॉकीपटू पिट्सबर्गमध्ये आला आणि इथेच राहिला, त्याच्यासोबत तीन स्टॅन्ली कप आले. पायरेट्सचा शेवटचा विजेतेपदाचा हंगाम १९७९चा. शहर लहान असल्याचं कारण बाकीच्या दोघांना का आडवं येत नाही?

पण दोष फक्त नियमाचा आहे असं मानायलाही मी तयार नाही. मिल्वॉकीही बेसबॉलमधलं लहान शहरच, आणि तिथल्या ब्रुअर्सनी मागच्या हंगामात ९७ सामने जिंकले. साऱ्या बेसबॉलमध्ये ते सर्वाधिक. (नंतर डॉजर्सनी त्यांना ४-० हरवलं, आणि शेवटच्या सामन्यात ओतानीने दहा बॅटर बाद करून वर तीन होम रन मारले. एका माणसाने एका रात्री असा खेळ केलेला मी कधी पाहिला नाही.) पायरेट्सचे मालक बॉब नटिंग यांचा हात आखडता आहे. श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला वाटा त्यांच्या संघाला मिळतो, मग तो मैदानावर दिसायला हवा. मागच्या एप्रिलमध्ये घरच्या पहिल्या सामन्याला "संघ विका" असा फलक घेऊन विमान मैदानावरून फिरलं, ते काही उगाच नाही. त्याच महिन्यात उजव्या बाजूच्या भिंतीवरची, पायरेट्सचा दिवंगत खेळाडू रोबेर्तो क्लेमेंते याची २१ नंबरची खूण काढून तिथे दारूची जाहिरात लावली होती. त्याच्या कुटुंबाने नाराजी सांगितल्यावर खूण परत आली. ज्या माणसाने ३,००० हिट पुरे केले आणि तीन महिन्यांनी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात प्राण दिले, त्याची खूण जाहिरातीसाठी काढताना कुणाचा हात कसा धजावला? मैदान उभं राहिलं ते प्रामुख्याने जनतेच्या पैशातून. १९९७मध्ये मतदारांनी त्यासाठीचा कर नाकारला होता, तरी दुसऱ्या वाटेने पैसा काढला गेला. ज्यांच्या पैशावर मैदान उभं आहे त्यांना दर्जेदार संघ मिळायला हवा.

म्हणून मला बेसबॉलमध्ये कमाल मर्यादा हवी, आणि तिच्या जोडीला किमान खर्चाची सक्तीही. नुसती कमाल आणली तर टकरचे पैसे मालकांच्या खिशात राहतील आणि पिट्सबर्गला काहीच मिळणार नाही. खेळाडूंची संघटना मर्यादेला का विरोध करते हेही समजून घ्यायला हवं. १९७०च्या दशकापर्यंत खेळाडू संघाशी जन्मभर बांधलेला असे. कर्ट फ्लड या खेळाडूने त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला, हरला, आणि त्यात त्याची कारकीर्द संपली. पुढे जे स्वातंत्र्य मिळालं ते अशा लोकांमुळे. १९९४मध्ये मालकांनी मर्यादा लादायचा प्रयत्न केला तेव्हा खेळाडू संपावर गेले आणि त्या वर्षी वर्ल्ड सीरीज झालीच नाही. फुटबॉल आणि हॉकीत मर्यादा टिकली, कारण एकूण उत्पन्नाचा साधारण निम्मा हिस्सा खेळाडूंचा हे लेखी ठरलं आणि मालकांना हिशेबाची वही उघडावी लागली.

आणि इथेच मला मावसभावाला उलटा प्रश्न विचारावासा वाटतो. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएल प्रक्षेपण हक्कांची किंमत ४८,३९० कोटी रुपये आहे. वर्षाला साडेनऊ हजार कोटींहून जास्त. दहा संघांच्या पर्स २०२५मध्ये मिळून १,२०० कोटी. म्हणजे नुसत्या प्रक्षेपणाच्या पैशाशी तुलना केली तरी खेळाडूंच्या करारांना आठवा हिस्सा. प्रायोजक आणि तिकिटं वेगळीच. ग्रीनचे २५ कोटी २० लाख पाहून आपण कपाळावर हात मारतो, पण त्यातले त्याला मिळणार १८ कोटी, कारण छोट्या लिलावात परदेशी खेळाडूला त्यावर देता येत नाही. उरलेले बोर्डाकडे जातात. हा नियम कुणाशी चर्चा करून ठरला? सध्या खेळणाऱ्या भारतीय क्रिकेटपटूंच्या वतीने बोर्डाशी वाटाघाटी करणारी संघटनाच नाही. पंतला २७ कोटी जास्त मिळाले का, यावर आपण चहा थंड होईपर्यंत भांडतो. ज्या पोराला ३० लाखांत घेऊन हंगामभर बाकावर बसवलं, त्याच्या बाजूने बोलायला कोण आहे, हा प्रश्न ग्रुपवर एकदाही आलेला मी पाहिला नाही.

आयपीएलची समान पर्स ही जपण्यासारखी गोष्ट आहे. बेसबॉलने ती घ्यावी. बेसबॉलकडे खेळाडूंची भक्कम संघटना आहे, ती भारतीय क्रिकेटने घ्यावी. रणजीच्या खेळाडूला त्या संघटनेचा सर्वांत जास्त उपयोग होईल, म्हणून काकांनी तरी माझ्या बाजूने यायला हरकत नाही.

यंदा बेसबॉलमध्ये आणखी एक नवं आहे. पिचरचा चेंडू स्ट्राइक, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यात, होता की नाही या पंचाच्या निर्णयाला आव्हान देता येईल. प्रत्येक संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. टोपीवर किंवा हेल्मेटवर थाप मारायची, डगआउटकडे बघायचं नाही. आपल्या बोर्डाने डीआरएसला २०१६पर्यंत दारातच उभं केलं होतं, तेव्हा किती वाद झाले होते! आज त्याशिवाय कसोटी कुणाला आठवते? इथेही पंचांचा अधिकार जाईल म्हणून जुनी मंडळी कुरकुरत आहेत. मला तर तो क्षण पाहायची घाई आहे, कोपऱ्याला चाटून गेलेला स्कीन्सचा चेंडू पंच नाकारतो आणि आमचा कॅचर हेल्मेटवर हात नेतो.

मालक आणि खेळाडूंमधला करार १ डिसेंबर २०२६ला संपतो. मालक खेळाडूंसाठी दारं बंद करतील आणि २०२७चा हंगाम अडकेल अशी भीती सगळीकडे आहे. तसं झालं तर किमान खर्चाबद्दल एक शब्द न काढता फक्त कमाल मर्यादा मागणाऱ्या मालकाला मी माफ करणार नाही, मग तो आमच्या शहराचा असला तरी. तोवर एप्रिल ते सप्टेंबर हातात आहे. नटिंग यांनी जुलैत संघ शर्यतीत असेल तर एक चांगला बॅटर आणावा, कुणाला विकू नये. ग्रिफिनला पैसे वाचवण्यासाठी खालच्या लीगमध्ये रोखून धरू नये. आणि स्कीन्सशी २०२९च्या पुढच्या कराराची बोलणी याच वर्षी सुरू करावीत, तो अजून इथे खूश आहे तोवर.