‘सरकारीत नेलेला परत येत नाही’ म्हणणाऱ्यांना

हायवेवर मोठा अपघात झाला की तो मेसेज आमच्या ग्रुपवर हमखास येतो. मजकूर तीन ओळींचा: सरकारीत दगावणारे जास्त, तिथं नेऊ नका, थेट पुणं गाठा, आणि कोल्हापुरात चकाचक ट्रॉमा सेंटर बांधा, प्रश्न मिटला.

दगावणारे जास्त असतीलही. पण तिथं पोचतं कोण? गगनबावडा, चंदगड, पार सिंधुदुर्गातून ‘पुढं न्या’ म्हणून पाठवलेले पेशंट थोरल्या दवाखान्याच्याच, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या, दारात उतरतात. मनगट मोडलेला आणि मेंदूत रक्तस्राव झालेला एका रांगेत मोजायचा कसा? त्यासाठी १९७४ पासून गुणपद्धत आहे. शरीराच्या सर्वांत जास्त मार लागलेल्या तीन भागांचे गुण घ्यायचे, प्रत्येकाचा वर्ग करायचा आणि बेरीज मारायची. मांडीचं हाड मोडलं तर ३, म्हणजे ९. डोक्याला ४ गुणांची इजा असेल तर १६. दोन्ही एकाच माणसाला झालं तर २५. आणि १५ च्या वर गेला की तो गंभीरच धरतात. हा आकडा आणि पेशंटचं वय बाजूला ठेवून नुसती प्रेतं मोजली, तर अवघड केस घेणारा प्रत्येक दवाखाना बदनामच होणार.

पुणं सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड मार लागल्यापासून तीन तासांच्या आतच कामाचं. नंतर दिलं तर उलट धोका. या औषधाची २०१० ची चाचणी ४० देशांतल्या वीस हजारांवर जखमींवर झालेली आहे. ते तीन तास खंबाटकीच्या ट्रॅफिकमध्ये घालवायचे? आधी जवळच्या दवाखान्यात श्वास आणि रक्तस्राव सांभाळून घ्या. हलवायचं का, ते तिथला डॉक्टर सांगेल. (आणि तोंडात पाणी ओतू नका. गर्दी पहिलं तेच करते.) तातडीच्या जखमीवर उपचार करणं सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरवर सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच बंधनकारक केलंय.

राहिली ट्रॉमा सेंटरची इमारत. इंग्लंडमध्ये इमारती होत्याच. तरी २००७ च्या देशव्यापी तपासणीत जवळपास ६० टक्के गंभीर जखमींना योग्य दर्जाचे उपचार मिळाले नव्हते. २०१२ पासून तिथं कुठली ॲम्ब्युलन्स कुठं जाणार हे आधी ठरलं आणि गंभीर केसची नोंद एका ठिकाणी तपासली जाऊ लागली.

तेव्हा उद्घाटनाच्या फिती कापणाऱ्यांना विचारा: रात्री दोनला जखमीला पहिल्यांदा सीनियर डॉक्टर बघतो का? दारातून सीटी स्कॅनपर्यंत किती मिनिटं लागतात? दगावलेल्यांतले वाचू शकले असते किती, हे दर महिन्याला कोण बसून तपासतं?