‘गॉड ऑफ हायस्कूल’ जपानी नाहीये हो

परत तेच फिरतंय की ‘द गॉड ऑफ हायस्कूल’ हा मूळचा जपानी मंगा (म्हणजे कॉमिक), आणि २०२० चा ॲनिमे (ॲनिमेशन मालिका) गाजल्यावर कोरियात त्याचा वेबटून (ऑनलाइन वाचायचं कॉमिक) काढला. साफ उलटं आहे राव. पार्क योंगजे या कोरियन आर्टिस्टने हे कॉमिक २०११ मध्ये नेव्हर वेबटून या कोरियन ऑनलाइन कॉमिक साइटवर सुरू केलं, म्हणजे ॲनिमेच्या नऊ वर्षं आधी, आणि ते २०२२ पर्यंत चालू होतं. घोळ होतो कुठे, तर ॲनिमे केला टोकियोच्या मापा स्टुडिओने, ऑडिओ जपानी, मग लोक धरूनच चालतात. पण त्याचा डायरेक्टर पार्क सुंगहूसुद्धा कोरियनच! आणि एकदा मोबाईलवर उघडून तर बघा, रंगीत पॅनल एकाखाली एक, फाइट चालू असली की अंगठ्याने स्क्रोल करत जायचं, मंगासारखं उजवीकडून डावीकडे वाचायची भानगडच नाही. हीरो जिन मोरी तायक्वांदोवाला आहे, कराटेवाला तो हान देवी, यू मीराकडे तलवार. हेही लोक सर्रास उलटसुलट सांगतात.

दुसरी थाप म्हणजे ‘ॲनिमे बघितला की स्टोरी संपली’. छे! १३ एपिसोडमध्ये फक्त सुरुवातीचा भाग कोंबलाय, तोही इतक्या घाईत की कॅरेक्टर्सची बॅकस्टोरी पार चेपली गेलीये. शाळकरी पोरांच्या मारामारीपासून गोष्ट पुढे देवादिकांच्या लढाईपर्यंत जाते. वाचायचं असेल तर पहिल्यापासूनच वाचा, ॲनिमे संपला तिथून उचलू नका, बरंच काही गाळलंय त्यांनी.