दारात अडकलेला रोबो

कालचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितोय. बाविसावं शतक, बुडत चाललेलं शहर, माझ्या डाव्या हाताच्या जागी तोफ आणि सोबतीला एक रोबो. त्याला धडधाकट गच्चीवर पोचवायचं. एवढंच काम होतं.

गेममधला पाऊस मात्र मानला बुवा! ओल्या रस्त्यावर निऑनच्या पाट्या सांडलेल्या, हेल्मेटच्या काचेवरून थेंब ओघळला की पलीकडचा दिवा वाकडा होतो. भिंतीवरून पळत जाऊन वरून ड्रोनवर झडप घालण्यात जी मजा आहे, तिला तर तोडच नाही. पण ही मजा एकट्याची. रोबो सोबत आला की संपलं. मी चाललो की तो पुढे, मी पळालो की तो मागे. शत्रू माझ्या छाताडावर बसलेला असताना हा सांगणार, 'सावधान, शत्रू जवळपास असू शकतो.'

मागे सोफ्यावर सासरे बसले होते. उभी हयात लिफ्टच्या देखभालीत गेलेला माणूस.

"जावईबापू, हा आपला की त्यांचा?"

"आपला, बाबा."

"मग त्याला टाकून कुठे पळताय?"

मी गप्प. थोड्या वेळानं पुन्हा, "या जिन्याला कठडा नाही."

"भविष्यातला जिना आहे, बाबा."

"भविष्यात माणसं पडत नाहीत?"

नेमका त्याच क्षणी मी पडलो. सासरे काही बोलले नाहीत. न बोलण्याचेही प्रकार असतात.

शेवटी गच्चीच्या अलीकडचं सरकतं दार आलं आणि रोबो त्यात अडकला. दार मिटायचं, त्याच्या खांद्याला लागायचं, उघडायचं, पुन्हा मिटायचं. सासरे उठून टीव्हीपाशी गेले, चष्मा कपाळावर चढवून वाकून बघू लागले. निम्मे ड्रोन त्यांच्या पाठीआड.

"सेन्सर गेलाय."

"बाबा, जरा बाजूला..."

"अंगाला लागायच्या आधी दार थांबायला हवं. त्याला मागे घ्या."

"मागे घ्यायचं बटणच नाही."

"मग ढकला."

ढकललं. रोबो म्हणाला, 'सहकार्याबद्दल आभारी आहे,' आणि जागचा हलला नाही. ड्रोननी त्याचा भुगा केला. पडद्यावर लाल अक्षरं : साथीदार नष्ट, मोहीम अयशस्वी. सासऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "बिचारा. तुमच्या भरवशावर आला होता."

माझ्या भरवशावर! आणि पुन्हा सुरुवात कुठून, तर खलनायकाच्या भाषणापासून. ते मध्येच तोडता येत नाही. माणसाला मारायला आलेला इसम आधी त्याला आपलं बालपण का सांगतो, हे मला कधीच कळलेलं नाही.

शेकी नावाच्या खऱ्याखुऱ्या रोबोला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाता यावं, या खटपटीतून कॅलिफोर्नियात १९६८ साली 'ए-स्टार' नावाची वाट शोधायची रीत निघाली. आजही कितीतरी गेममधली पात्रं तिच्याच जिवावर चालतात. म्हणजे दार ओलांडणं हा काही नवा प्रश्न नाही. पण पाऊस जाहिरातीत दिसतो, दार दिसत नाही. पूर्वी गेम कार्ट्रिजवर यायचा, एकदा विकला की दुरुस्त करायची सोय नव्हती, म्हणून निदान तपासून तरी देत. आता आधी विका, मग बघू. २०२०च्या डिसेंबरात 'सायबरपंक २०७७' आला आणि सोनीनं आठवडाभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. लोकांना पैसे परत द्यावे लागले. त्यातून धडा कोणी घेतला? मी पैसे मोजून यांच्या चाचण्या करतोय आणि वर बोलणीही मीच खातोय.

आज सकाळी अपडेट आलं, ते उतरेपर्यंत दुपार झाली. दुरुस्त्यांची यादी उघडली, तर पहिलीच ओळ : पावसाचे थेंब अधिक वास्तववादी केले आहेत. सासऱ्यांनी यादी वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचली. दार कुठेच नव्हतं.

"जावईबापू," ते म्हणाले, "तक्रारीचा नंबर घेऊन ठेवा."