फक्त बाल्कनीतच हं!

रस्त्यावरून उचललेली मांजरं बऱ्या घरी नांदायला पाठवणं हा माझा फावल्या वेळचा उद्योग. स्थळ बघायला गेले की मीही मांजरासारखं आधी नाकानेच घर बघते. सोफ्याला वास, पडद्याला वास, आणि "घरात कोणी सिगारेट ओढतं का?" विचारलं की अख्खं कुटुंब एका सुरात: "फक्त बाल्कनीतच हं!"

घरात ओढण्यापेक्षा बाल्कनी बरी, यात वाद नाही. पण धूर दिसेनासा झाला म्हणजे गेला असं नव्हे. त्याचा चिकट थर शर्टावर, बोटांवर, मिशीवर बसून आत येतो. मग काका मांजराला मांडीवर घेतात आणि थर त्याच्या केसांवर जातो. मांजर तर दिवसातले काही तास स्वतःला चाटण्यातच घालवतं. म्हणजे काकांची सिगारेट काकांच्या छातीत जाते, मांजराच्या छातीत आणि पोटात, दोन्हीकडे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या २००२ सालच्या अभ्यासात धूर असलेल्या घरांतल्या मांजरांना लिम्फोमा या कर्करोगाचा धोका इतरांच्या २.४ पट निघाला. पाच वर्षं किंवा जास्त धुरात काढलेल्यांना ३.२ पट. हे सांगितलं की काका म्हणतात, "तिकडची मांजरं नाजूक असतात."

काका सिगारेट सोडणार असतील तर उत्तमच. तोवर एक जुना शर्ट बाल्कनीतच खुंटीला टांगायचा. ओढताना तो अंगावर, आत येताना परत खुंटीवर. दार पूर्ण लावलेलं. शेवटचा झुरका झाल्यावर लगेच आत यायचं नाही. दोन-चार मिनिटं तरी बाहेर काढायची, कारण श्वासातून धूर येतच असतो. मग साबणाने मनगटापर्यंत हात आणि मिशीसकट तोंड. एवढं झाल्यावर मांजर. हे ऐकून काकूंचा चेहरा उजळतो. त्या वीस वर्षं हेच सांगत असतात, फक्त मांजराचं निमित्त नव्हतं.

वास मारायला रूम फ्रेशनर, धूप, कापूर आणू नका. मांजराच्या श्वासनळीला धूप काय नि सिगारेट काय, धूर तो धूर. आणि कापूर पोटात गेला तर विषच. एअर प्युरिफायरमधला हेपा फिल्टर हवेतले कण धरतो, वायूंसाठी कार्बनचा थर लागतो, आणि सोफ्यात मुरलेल्या थराशी दोघांनाही देणंघेणं नाही. तिथे धुणंच. पण ते मांजर यायच्या आधी. आलेलं मांजर गाल घासून घासून सामानावर आपल्या वासाची पाटी लावतं. दुसऱ्या आठवड्यात सगळे पडदे धुवायला काढले, की त्याच्या दारावरची पाटीच उखडली म्हणून समजा.

पहिले तीन दिवस एकच लहान खोली, आणि ती बाल्कनीची नकोच. एका कोपऱ्यात लिटरचा ट्रे, त्यात दोन-तीन इंच वाळू; खाणंपाणी समोरच्या कोपऱ्यात, कारण संडासाशेजारी जेवायला आपल्यालाही आवडत नाही. लपायला पुठ्ठ्याचं खोकं. पलंगाखालून ओढून काढायचं नाही. इतपत सगळे ऐकतात. घात होतो तो बाल्कनीच्या दाराशी. घाबरलेलं मांजर फट शोधत असतं आणि ओढणारा माणूस दिवसातून दहा वेळा फट करून देतो. कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीवर तर भिस्तच ठेवू नका. जळतं टोक टेकलं की ती वितळते, लिंबाएवढं भोक पडतं आणि पुढचं काम मांजर दातांनी करतं. बारीक तारेची पक्की जाळी लावून घ्या.

आता थोटकं. ती हमखास कुंडीत खोचलेली असतात, आणि कुंडीतली भुसभुशीत माती मांजराच्या लेखी नवंकोरं शौचालय. विझलेल्या थोटकातही निकोटिन उरतं. ॲश ट्रेत पाणी घालणं आणखी वाईट, ते पाण्यात उतरतं आणि मांजर ते पाणी चाखतं. घट्ट झाकणाचा डबा, तळाशी कोरडी वाळू, बस्स. थोटूक खाल्लंच तर बहुधा तासाभरात लाळ, उलटी, थरथर सुरू होते. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. ॲसिडिटीचं औषध तर मुळीच नाही: पोटातल्या आम्लामुळे निकोटिन हळू शोषलं जातं, तो ब्रेकच तुम्ही काढून टाकता. किती थोटकं कमी झाली ते मोजा आणि थेट डॉक्टर गाठा.

खोकल्याचंही असंच. मांजर जमिनीलगत बसून मान पुढे ताणून खोकतं, आणि घरातले म्हणतात, "केसांचा गोळा असेल." गोळा असेल तर कधीतरी बाहेर पडेल. दर वेळी नुसताच खोकला, बाहेर काही नाही, तर दम्याची शंका घ्यायची. अशा मांजरांना मास्क लावून इनहेलर देतात. डॉक्टरांकडे मात्र ते साळसूदासारखं बसतं, म्हणून घरीच मोबाइलवर व्हिडिओ काढा. मागून काकांचाही खोकला येत असेल, तर यातला मांजराचा कोणता तेवढं डॉक्टरांना आधी सांगा.