सिलिंडर द्या, चहाची पुडी नको

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. ज्यांचा कॉम्प्युटर दर अपडेटनंतरही गुण्यागोविंदाने चालतो त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करावं, फक्त जाता जाता त्याची दृष्ट काढून घ्यावी.

विंडोजमध्ये 'अपडेट अँड शट डाऊन' असं एक बटण आहे. नावातच काम लिहिलंय: आधी अपडेट हो, मग बंद हो. विंडोज १० आणि ११ वर कित्येक लोकांच्या मशीनवर ते अपडेट व्हायचं आणि बंद होण्याऐवजी पुन्हा सुरू होऊन लॉगिनच्या पडद्यावर येऊन उभं राहायचं. माणूस झोपलेला, लॅपटॉपचा पंखा रात्रभर घरघरतोय. बॅगेत टाकून ठेवला असेल तर सकाळी बॅग गरम आणि बॅटरी पार रिकामी. लोक वर्षानुवर्षं हे सांगत होते. त्यावर ठरलेलं उत्तर मिळायचं, 'तुम्ही गडबडीत रीस्टार्टवर क्लिक केलं असेल.' शेवटी २८ ऑक्टोबर २०२५ ला आलेल्या एका ऐच्छिक अपडेटच्या टिपणात मायक्रोसॉफ्टने लिहिलं की हो, असा दोष होता, तो आता दुरुस्त केलाय.

छान. पण त्याच अपडेटने टास्क मॅनेजर बिघडवला. कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक करून तो बंद केला तरी आत चालूच राहायचा. पुन्हा उघडला की दुसरी प्रत, मग तिसरी. म्हणजे मशीन कशामुळे हळू झालंय ते बघायला जे उघडायचं, तेच गुपचूप मशीन हळू करत बसणार. नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये ते निस्तरलं. मग १ डिसेंबरच्या ऐच्छिक अपडेटमध्ये डार्क मोड जास्त नीटनेटका करायला घेतला. कॉपी-डिलीटच्या छोट्या खिडक्याही काळ्या झाल्या. आणि फाइल एक्स्प्लोरर (फोल्डर-फायली बघायची खिडकी) उघडताना पांढरा लख्ख झोत डोळ्यांवर यायला लागला. डार्क मोडमध्ये! रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून ज्यांनी तो लावला, त्यांनाच.

बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधले दोष, येतात हे मला मान्य आहे. कोट्यवधी ओळींचा कोड, हजारो कंपन्यांची हार्डवेअरं, त्यात चार गोष्टी बिघडणारच. माझी तक्रार बग असण्याबद्दल नाही. दुरुस्ती ज्या पद्धतीने आपल्या गळ्यात घातली जाते, त्याबद्दल आहे.

तुमच्याकडेही झालं असेल: गॅसचा सिलिंडर येतो तेव्हा माणूस सोबत चहाची पुडी पुढे करतो. 'घ्यावीच लागते ताई, वरून ऑर्डर आहे.' आपल्याला चहा नको असतो, पण सिलिंडर अडलेला असतो. विंडोजचं अपडेट नेमकं तसं झालंय. पूर्वी, म्हणजे विंडोज ७ च्या काळात, अपडेटची यादी यायची आणि प्रत्येकापुढे चौकट असायची. एखाद्या अपडेटने प्रिंटर बंद पाडला असं कानावर आलं की तेवढीच टिक काढायची, बाकीची घ्यायची. विंडोज १० आलं २०१५ मध्ये आणि सगळं एका गठ्ठ्यात बांधलं गेलं. ऑक्टोबर २०१६ पासून विंडोज ७ आणि ८.१ लाही तोच नियम लागू झाला. आता दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी गठ्ठा येतो: त्यात चोरांसाठी उघडी राहिलेली भोकं बुजवणारे पॅच असतात, जुन्या बगची दुरुस्ती असते आणि कुणी न मागितलेली नवी बटणंही असतात. घ्यायचा तर अख्खा घ्या. त्यातला एक तुकडा तुमच्या मशीनला बाधला म्हणून गठ्ठा परत केलात, तर सुरक्षेचे पॅचही परत गेले. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर.

हे किती अंगलट येऊ शकतं ते बघा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत पाठिंबा संपला. कित्येक महिने सगळीकडून एकच घोष चालू होता, ११ वर या, सुरक्षित व्हा. बरोबर त्याच दिवशी विंडोज ११ चं जे मासिक अपडेट आलं, त्याने रिकव्हरीच्या पडद्यावर यूएसबीचा माउस आणि कीबोर्ड चालेनासा केला. रिकव्हरी म्हणजे मशीन सुरूच होत नाही तेव्हा जिथे जायचं ती जागा. सगळे पर्याय समोर दिसतायत, पण एकावरही जाता येत नाही. आजकाल गोल भोकाचा जुना कीबोर्ड कुणाकडे असतो? २० तारखेला, ऐन दिवाळीत, घाईघाईने वेगळा पॅच काढून ते दुरुस्त करावं लागलं. १४ तारखेच्या त्याच अपडेटने प्रोग्रामर मंडळींचं लोकलहोस्टही (आपल्याच मशीनवर वेबसाइट चालवून बघायची सोय) बंद पाडलं होतं, पण त्यांच्या शिव्या त्यांनी आधीच घालून झाल्यात.

माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट मात्र २०१८ ची आहे, आणि ती लोक विसरलेत. त्या वर्षीच्या एप्रिलच्या अपडेटनंतर काहींना तक्रार होती की 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स' असे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवले की जुन्या जागी त्याच नावाचा रिकामा फोल्डर उरतो. दिसायला घाण, बाकी त्रास शून्य. ऑक्टोबरच्या अपडेटमध्ये ही घाण साफ करणारा कोड घातला गेला: जुन्या जागेवरचा फोल्डर उडवून टाका. पण काहींच्या बाबतीत तो फोल्डर रिकामा नव्हता. फोल्डरचा पत्ता बदलला होता, आतल्या फायली तिथेच राहिल्या होत्या. अपडेटने त्या साफ केल्या. घरचे फोटो, हिशेब, प्रबंध, जे असेल ते. २ ऑक्टोबरला अपडेट सुटलं, काही दिवसांतच थांबवावं लागलं, १३ नोव्हेंबरला पुन्हा सुटलं. तक्रारी करणारे ०.०१ टक्के लोक होते असं कंपनीने सांगितलं. असतील. ज्याच्या मुलीचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो गेले त्याच्यासाठी ते शंभर टक्के होते.

खरी मेख पुढे आहे. हा दोष आधीच सापडला होता! चाचणीची आवृत्ती वापरणाऱ्या हौशी लोकांनी फीडबॅक हबवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या तक्रारपेटीत, लिहून ठेवलं होतं की फायली गेल्या. पण तिथे तक्रारीचं वजन ठरायचं 'मलाही असंच झालं' म्हणणाऱ्यांच्या संख्येवर. थोड्या लोकांचं मोठं नुकसान खाली राहिलं. नंतर मायक्रोसॉफ्टने त्या फॉर्ममध्ये तक्रार किती गंभीर आहे हे सांगायची सोय केली. म्हणजे त्याआधी ती नव्हती. २०१४ मध्ये कंपनीने मोठी नोकरकपात केली, त्यात टेस्टिंग हेच काम असणारे अनेक जण गेले. त्याच सुमारास हौशी लोकांना चाचणीची आवृत्ती देणारा इनसायडर कार्यक्रम सुरू झाला. पगारी टेस्टर मुद्दाम वाकडं वागून बघतो. फोल्डर हलवतो, अर्ध्यात वायर काढतो, नावात मराठी अक्षरं घालतो. हौशी माणूस आपलं रोजचं काम करतो आणि मोडलं तर सांगतो, सांगितलं तर.

त्यात आता आणखी एक प्रकार आलाय. नव्या सुविधा सगळ्यांना एकदम देत नाहीत, टप्प्याटप्प्याने सोडतात. त्यामुळे माझ्या आणि माझ्या मामांच्या मशीनवर विंडोजची आवृत्ती एकच, तरी स्टार्ट मेनू वेगळा दिसू शकतो. मामा फोनवर विचारतात, 'अगं, ते खालचं कुठे गेलं?' मी माझ्याकडे बघून सांगते, 'डावीकडे बघा.' ते म्हणतात, 'डावीकडे काहीच नाही.' दोघंही खरं बोलत असतो. घरोघरी एक फुकटचा इंजिनिअर असतो, त्याचं जगणं या टप्पेवाल्यांनी मुश्कील केलंय. आणि मामांना बग कुठला आणि मुद्दाम केलेला बदल कुठला याच्याशी काही देणंघेणं नाही. टास्कबार वरच्या कडेला लावायची सवय होती, विंडोज ११ ने २०२१ मध्ये ती सोयच काढून टाकली. त्यांच्या लेखी तो बिघाडच. मला त्यांचं चूक वाटत नाही.

आता जरा पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाजवळ चला. तिथे ओळखीच्या एका डीटीपीवाल्या काकांनी जुनं मशीन दम टाकू लागलं म्हणून विंडोज ११ वालं नवं घेतलं. काकांचं सगळं आयुष्य पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, पण लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशक्रियेचे कार्ड सगळं त्यात सेव्ह आहे. मराठी फॉन्टचं पॅकेज त्याच काळातलं, त्याला यूएसबीचं डोंगल लागतं, म्हणजे पॅकेज विकत घेतल्याची खूण म्हणून मशीनला लावायची किल्ली. नव्या मशीनला डोंगल लावलं, दिवाच लागेना. ड्रायव्हर (डोंगल आणि विंडोजची ओळख करून देणारं सॉफ्टवेअर) जुना ३२ बिटचा, विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं, तिथे त्याला प्रवेशच नाही. फॉन्ट नसताना फाइल उघडली तर 'चि. सौ. कां.' च्या जागी डॉलरची खूण, दोन उद्गारचिन्हं आणि मात्रा घातलेली रोमन अक्षरं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, नसलेल्या फॉन्टचं हेच असतं. मजकूर मराठी नसतोच, मराठीचा नुसता मुखवटा असतो. गिऱ्हाईक समोर उभं, मुहूर्त जवळ आलेला. फॉन्टवाल्यांना फोन केला तर उत्तर, नवी आवृत्ती विकत घ्या, जुन्या फायली बदलून घ्यायचे पैसे वेगळे.

इथे मी मायक्रोसॉफ्टला झोडपणार नाही. जुने ड्रायव्हर बंद करण्यामागे सुरक्षेचं ठोस कारण आहे, आणि फॉन्टवाल्यांनी वीस वर्षं हातावर हात ठेवले त्याला दुसरं कुणी काय करणार. पण काकांनी काढलेला मार्ग बघा: जुनं मशीन पुन्हा टेबलावर, इंटरनेटची वायर काढलेली, फायली पेन ड्राइव्हने इकडून तिकडे. सुरक्षेसाठी केलेल्या सगळ्या खटाटोपाचं फळ म्हणजे पाठिंबा संपलेलं एक मशीन आणि गावभर फिरून आलेला पेन ड्राइव्ह. महाराष्ट्रात अशी किती दुकानं असतील याचा अंदाज करा.

नवं काही न देता नुसती डागडुजी विकता येत नाही, असं कंपन्यांकडून ऐकायला मिळतं. ॲपलने ते करून दाखवलं होतं. २००९ मध्ये मॅकची स्नो लेपर्ड ही आवृत्ती सादर करताना पडद्यावर चक्क 'शून्य नव्या सुविधा' असं दाखवलं आणि २९ डॉलरला विकलं. लोक आजही त्याची आठवण काढतात. (त्यातही एक भयानक बग होता, पाहुण्याच्या अकाउंटने लॉगिन केल्यावर मालकाचा डेटा उडायचा, नोव्हेंबरमध्ये दुरुस्त झाला. म्हणून म्हटलं, बग येणारच.) मॅकवाल्यांनी या पोस्टवर हसू नये, त्यांचं 'लिक्विड ग्लास' नावाचं पारदर्शक, काचेरी रूपाचं प्रकरणही फार गोड चाललेलं नाही. आणि लिनक्सवाले कमेंटमध्ये येतीलच, त्यांच्यासाठी आगाऊ लाइक ठेवलाय.

मागणी साधी आहे. सुरक्षेचा पॅच वेगळा द्या, नवी बटणं वेगळी द्या, आणि या बटणांना 'नको' म्हणायची कायमची सोय द्या. 'नंतर आठवण करा' नव्हे. मोठ्या कंपन्यांसाठी असलेल्या विंडोजच्या एलटीएससी आवृत्तीत हे बरंचसं मिळतं: वर्षानुवर्षं फक्त पॅच, नखरे नाहीत. म्हणजे जमत नाही असं नाही, घरच्या गिऱ्हाइकाला द्यायचं नाही.

आणि मागितल्याशिवाय मिळत नाही. विंडोज १० ला वर्षभराची सुरक्षा-मुदतवाढ जाहीर झाली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. तिच्यासाठी तीस डॉलर द्या, नाहीतर सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर ठेवा, नाहीतर रिवॉर्ड पॉइंट खर्च करा, अशा अटी. युरोपातल्या युरोकन्झ्युमर्स या ग्राहक संघटनेने भांडण मांडलं, तेव्हा तिथल्या लोकांसाठी पैशाची आणि बॅकअपची अट निघाली. आपल्यासाठी नाही निघाली. मुंबई ग्राहक पंचायतीसारखी मुरलेली संस्था आपल्याकडे आहे, बिल्डरांशी दोन हात केलेली. सॉफ्टवेअर हाही ग्राहकाचा प्रश्न आहे हे तिच्यापर्यंत कुणीतरी पोचवायला हवं. कुणी सभासद वाचत असेल तर मला इनबॉक्स करा, मी कागदपत्रं जमवून देते.

तोवर, जे १० वरून ११ वर जायच्या बेतात आहेत त्यांच्यासाठी: आधी बॅकअप, आणि तो त्याच मशीनवर नव्हे. उडी मारल्यावर परत फिरायला दहा दिवस मिळतात, तेवढ्या दिवसांत 'जागा मोकळी करा' म्हणून जुन्या विंडोजचा फोल्डर पुसू नका. सेटिंग्जमध्ये 'लेटेस्ट अपडेट्स लगेच मिळवा' हे चालू असेल तर बंद करा, दुसऱ्यांना आधी ठेचकाळू दे. मासिक अपडेट आठवडाभर पॉज करून ठेवायला हरकत नाही, महिनोनमहिने मात्र नको. बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते तपासा आणि असेल तर त्याची ४८ अंकी की कागदावर लिहून कपाटात ठेवा, कारण ती मागितली जाते तेव्हा मशीन उघडत नसतं.

तुमचे बग कमेंटमध्ये लिहा. लिहिताना स्टार्टमध्ये 'विनव्हर' (winver) टाइप करून जो बिल्ड नंबर येतो तो आणि लॅपटॉपचं मॉडेल द्या. नुसतं 'माझंही हँग होतं' लिहिलंत तर मलाच काय, कुणालाच काही करता येणार नाही.